सोलापूरहून स्पितीला: उंचावरच्या वाळवंटात तंबू-मुक्कामाची आखणी

हिमाचल प्रदेशातील स्पितीला तंबू घेऊन जाण्याचे बेत आमच्या परिचयातील मंडळी दरवर्षी आखतात आणि आराखडा एकदा नजरेखालून घालावा म्हणून माझ्याकडे आणतात. त्यातील बहुतेक आराखडे एकाच जागी चुकलेले असतात. आधी पाहायच्या ठिकाणांची यादी केलेली असते, मग रजेच्या तारखा बसवलेल्या असतात, त्यानंतर तंबूची खरेदी झालेली असते आणि कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे हा विचार कोठेच केलेला नसतो. वास्तविक या प्रवासात तो विचार सर्वांत आधी करावा लागतो, कारण बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यावरूनच ठरतात.

सोलापूरकरांची आणखी एक अडचण अशी की, कोरडी हवा आणि तळपते ऊन आपल्याला परके वाटत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपण जसे कोरडे राहतो, तशीच स्पिती हिमालयाच्या रांगांमागे कोरडी राहते. कारण तेच असल्याने तेथील वाळवंटही आपल्याला सोसेल असे वाटू लागते. परंतु सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे, तर स्पितीच्या वाटेवरील चंद्रताल सरोवराजवळचा तंबू-मुक्काम सुमारे ४,२५० मीटरवर असतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. आपली उन्हाची सवय तेथे उपयोगी पडत नाही.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिला टप्पा पूर्ण होईपर्यंत तिकीट काढू नये आणि कोणतीही खरेदी करू नये.

टप्पा १: प्रत्येक रात्रीची उंची कागदावर मांडा

एका कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात मुक्कामाचे गाव आणि दुसऱ्यात त्या गावाची मीटरमधील उंची लिहावी. दिवसा आपण कितीही उंच खिंडीतून जात असलो तरी येथे फक्त झोपण्याच्या जागेची उंची मोजायची आहे. नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू देऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढावी.

स्पितीला जाण्याचे दोन रस्ते आहेत. मनालीकडून स्पितीचे मुख्य गाव काझा सुमारे २०० किलोमीटर आहे, तर शिमल्याकडून किन्नौरमार्गे ४०० किलोमीटरहून अधिक आहे. कागदावर मनालीचा रस्ता जवळचा दिसतो आणि येथेच सर्वांत घातक चूक होते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. सकाळी तेथून निघून संध्याकाळी चंद्रतालला तंबू ठोकला, तर झोपण्याची उंची एका दिवसात २,२०० मीटरने वाढते. म्हणून जाताना शिमल्याकडून चढावे आणि येताना मनालीकडे उतरावे.

मी सहसा पुढील आखणी सुचवतो. उंचीचे आकडे स्थूलमानाने आहेत.

१. नारकंडा, २,७०० मीटर.
२. कल्पा, २,९६० मीटर.
३. कल्पा, दुसरी रात्र.
४. ताबो, ३,२८० मीटर.
५. काझा, ३,६५० मीटर.
६. काझा, दुसरी रात्र. दिवसा लांगझा (४,४०० मीटर) पाहून परत.
७. लोसर, ४,०८० मीटर.
८. चंद्रतालजवळ तंबू, ४,२५० मीटर; वाटेत कुंझुम खिंड (४,५५० मीटर).
९. मनाली, २,०५० मीटर.

या यादीत नाको हे गाव मुक्कामासाठी घेतलेले नाही, याकडे लक्ष द्यावे. बऱ्याच तयार सहलींत कल्प्यानंतर नाकोचा मुक्काम असतो. पण नाको सुमारे ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे कल्प्याहून ७०० मीटर उंच. दिवसा नाको पाहावे, तेथील तळ्याकाठी जेवावे आणि झोपायला ताबोला उतरावे. सहाव्या दिवशी लांगझाला जाऊन काझ्याला परतण्यामागेही हाच हेतू आहे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपले की, शरीराला विरळ हवेची ओळख होते आणि विश्रांतीही मिळते.

पडताळा: कागदावरील दुसरा रकाना वरून खाली वाचावा. ३,००० मीटरनंतर लागोपाठच्या दोन रात्रींत ५०० पेक्षा मोठी उडी दिसली, तर तेथे एक रात्र वाढवावी. रजा पुरत नसेल तर चंद्रताल वगळावा. कल्प्याची किंवा काझ्याची दुसरी रात्र वगळू नये.

टप्पा २: काळ निवडा आणि दोन दिवस राखून ठेवा

स्पितीत पाऊस कमी पडतो, हे खरे आहे. पण तेथे जाणारा शिमला-किन्नौर रस्ता पावसाच्या पट्ट्यातून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये या रस्त्यावर दरडी कोसळतात. कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो आणि साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतो. त्यामुळे तंबू घेऊन जाणाऱ्यांना दोन काळ सोयीचे पडतात. एक म्हणजे जूनचा उत्तरार्ध आणि दुसरा सप्टेंबर. सप्टेंबरात आकाश अधिक निरभ्र असते आणि ओढ्यांना पाणी कमी असते, पण रात्री तापमान शून्याखाली जाते. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला आहे.

चांगल्या काळातही भरवसा धरू नये. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक काही दिवस अडकले होते. सप्टेंबर २०१८ मध्येही लाहौल-स्पितीत अचानक हिमवृष्टी होऊन रस्ते बंद पडले होते. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तेथून काल्कामार्गे शिमला आणि परत असा प्रवास धरला, तर घर ते घर किमान सोळा दिवस लागतात. बारा दिवसांत हे सर्व बसवण्याचा प्रयत्न झाला की, राखीव दिवस आणि दुसऱ्या रात्री याच आधी कापल्या जातात.

भारतीय नागरिकांना शिमला-काझा रस्त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, परंतु ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे. परतताना अटल बोगद्यातून मनालीला उतरणाऱ्यांना रोहतांग खिंडीचा परवाना घ्यावा लागत नाही.

टप्पा ३: शरीराची तयारी आणि डॉक्टरांची भेट

निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज तासभर भरभर चालावे. आठवड्यातून दोनदा पाठीवर सात-आठ किलोंचे ओझे घेऊन जिने किंवा तुळजापूरचा घाट चढावा. सोलापुरात चढ मिळत नाही ही तक्रार बरोबर आहे, पण चार मजली इमारतीचा जिना दहा वेळा चढला तरी पुरेसा व्यायाम होतो.

या तयारीविषयी एक गैरसमज मात्र पक्का रुजलेला आहे. कळसूबाई चढून आलो म्हणजे उंचीचा सराव झाला, असे अनेकजण मानतात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तर उंचीचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. कळसूबाईवर पायांचा सराव होतो, विरळ हवेचा होत नाही. त्यातही दमदार, व्यायाम करणाऱ्या तरुणाला हा त्रास होत नाही असे मुळीच नाही. उलट तो भरभर चढतो, डोकेदुखी लपवतो आणि त्यालाच अधिक त्रास झाल्याचे दिसते.

हृदयविकार, रक्तदाब, दमा, रक्ताची मोठी कमतरता किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत पुढे नेऊ नये. उंचीच्या त्रासापासून बचावासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी दिली जाते. ती चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात, परंतु सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती अपायकारक ठरू शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि पहिली गोळी सोलापुरात असतानाच घेऊन पाहावी. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत; ते तेथे पहिल्यांदा जाणवले तर माणूस विनाकारण घाबरतो.

सावधान: गोळी घेतली म्हणून टप्पा १ मधील रात्री कमी करता येत नाहीत. झोपेच्या गोळ्या आणि मद्य चढाईच्या काळात पूर्ण वर्ज्य समजावे.

टप्पा ४: झोपण्याचे साहित्य आणि कपडे

तंबूपेक्षा मॅट आणि स्लीपिंग बॅग महत्त्वाची आहे, हे वाक्य मी प्रत्येक गटाला सांगतो. खरेदीच्या वेळी मात्र सर्वाधिक पैसा तंबूवर खर्च होतो आणि मॅट सर्वांत स्वस्त निवडली जाते. रात्री शरीराची ऊब सर्वांत अधिक जमिनीकडे जाते. अंगाखाली दबलेला स्लीपिंग बॅगचा भराव चपटा होऊन निरुपयोगी ठरतो, तेव्हा थंड जमीन आणि पाठ यांच्यामध्ये फक्त मॅट असते. एक बंद-पेशी फोमची मॅट खाली आणि तिच्यावर हवा भरायची मॅट, अशी जोडी घ्यावी. दोन्हींची उष्णतारोधकता एकत्र मोजली जाते आणि हवेची मॅट फुटली तरी फोम अंगाखाली राहतो. मॅटवर ही उष्णतारोधकता सांगणारे आर-मूल्य लिहिलेले असते. दोन्ही मिळून ते ४ किंवा अधिक असावे.

स्लीपिंग बॅगवर बहुधा तापमानाचे तीन आकडे छापलेले असतात. त्यांतील ‘एक्स्ट्रीम’चा आकडा पाहून बॅग घेणे ही नेहमीची चूक आहे. त्या आकड्याचा अर्थ माणूस कसाबसा जिवंत राहील एवढाच होतो. आपण ‘कम्फर्ट’चा आकडा पाहावा आणि सप्टेंबरसाठी तो उणे पाच अंश किंवा त्याखालचा असावा.

आता आपल्या चादरीविषयी. सोलापुरी चादर घरात जितकी उपयोगी, तितकीच प्रवासातही पडेल या भावनेने जवळजवळ प्रत्येक गट दोन-तीन चादरी बांधून घेतो. ही चादर सुती असते. श्वासाची वाफ आणि तंबूतील दव ती शोषून घेते, पहाटेपर्यंत ओलसर व जड होते आणि मग ऊब देण्याऐवजी ऊब ओढून घेऊ लागते. ती गाडीत ठेवावी, दिवसा पायांवर घ्यावी, काझ्याच्या खोलीत पांघरावी. तंबूत तिच्यावर भिस्त ठेवू नये. हाच न्याय सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स यांनाही लागू आहे.

अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट, एवढे पुरते. झोपण्यासाठी मोज्यांचा आणि अंतर्वस्त्रांचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि तो दिवसा कधीही घालू नये. अतिनील किरणांचे प्रमाण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, म्हणून सनस्क्रीन आणि पूर्ण अतिनील संरक्षण असलेला गॉगल ढगाळ दिवशीही वापरावा.

टप्पा ५: चूल, इंधन आणि शिधा

रेल्वेच्या डब्यात आणि विमानात गॅसचे डबे किंवा रॉकेल नेण्यास बंदी आहे. म्हणून सोलापुरातून फक्त शेगडी न्यावी आणि इंधन शिमल्यात घ्यावे. तेथे योग्य गॅस मिळेल की नाही, हे निघण्यापूर्वीच फोनवरून दुकानात विचारून घ्यावे. विचारताना डब्यात कोणता वायू आहे हे नेमके विचारावे. स्वस्त उभट डब्यांत बहुधा निव्वळ ब्युटेन असतो. कडाक्याच्या थंडीत त्याची पुरेशी वाफ होत नाही, त्यामुळे पहाटे शेगडी नीट पेटत नाही. आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेला डबा घ्यावा. तो न मिळाल्यास शिमल्याच्या पुढे गाडीत रॉकेलचा स्टोव्ह बाळगावा.

चंद्रतालच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते. भांड्यात बुडबुडे दिसतात, पण तूरडाळ तासभर उकळूनही शिजत नाही आणि इंधन संपते. त्यासाठी तीन लिटरचा छोटा प्रेशर कुकर न्यावा. सहाजणांचा शिधा ठरवताना मी तूरडाळ टाळतो. मुगाची खिचडी, शेवया, उपीट आणि सूप एवढेच शिजवायचे पदार्थ ठेवतो.

न शिजवता खाण्याच्या पदार्थांच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ ही शिदोरी पंधरा दिवस टिकते. कडक भाकरी पिशवीत ठेवली तर चौथ्या दिवशी तिचा चुरा झालेला असतो, म्हणून ती पत्र्याच्या उंच डब्यात कागदाच्या थरांमध्ये उभी रचावी. तेथील कोरड्या हवेत घसा आधीच खरखरत असतो, त्यामुळे ती नुसती न खाता गरम सुपात किंवा पातळ खिचडीत कुस्करून खावी. उंचीवर भूक मरते, तेव्हा परक्या चवीचे अन्न घशाखाली उतरत नाही. शेंगाचटणीच्या वासाने मात्र चार घास जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

टप्पा ६: घरची रंगीत तालीम

निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी एक पूर्ण रात्र तंबूत काढावी. गच्ची त्यासाठी योग्य नाही, कारण तेथे खुंटी ठोकता येत नाही. मोहोळ, बार्शी किंवा अक्कलकोटकडे कोणा नातलगाची वस्ती असेल तर तेथे जावे. सोलापूरच्या परिसरात तेथील थंडी मिळणार नाही, परंतु साहित्य हाताळण्याची चाचणी निश्चित होते.

तंबू प्रथम उजेडात उभारावा, मग मोडून अंधारात फक्त डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात उभारावा आणि तिसऱ्यांदा हातमोजे घालून उभारावा. हातमोज्यांत चिमटीत न येणारी कडी किंवा अडकणारी चेन याच वेळी कळते. त्या रात्री शेगडीवर एक लिटर पाणी उकळायला किती गॅस लागतो, ते डबा आधी व नंतर वजन करून लिहून ठेवावे. तेथे त्याच्या दीडपट गॅस धरून डब्यांची संख्या काढावी.

पडताळा: गटातील प्रत्येकाला एकट्याने तंबू उभारता आला पाहिजे. ज्याला येतो तोच नेमका आजारी पडू शकतो.

टप्पा ७: वाटेवर रोज दोनदा तपासणी

कल्प्यापासून पुढे रोज सकाळी आणि संध्याकाळी पाच वाजता गटप्रमुखाने प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत. डोके दुखते का, मळमळ आहे किंवा भूक गेली आहे का, नेहमीपेक्षा अधिक थकवा आहे का, आणि चक्कर येते का. उत्तरे वहीत नावापुढे लिहावीत. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला बाकीच्यांपैकी एक लक्षण असले, तर तो उंचीचाच त्रास आहे असे मानून त्या दिवशी आणखी वर जाऊ नये. जेवणामुळे झाले असेल, गाडीत झोप लागली नाही म्हणून असेल, अशी कारणे शोधत बसू नये.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बरोबर असावे, परंतु त्याच्या आकड्यावर निर्णय सोपवू नये. गार पडलेल्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवते. शिवाय या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली येतो. सोलापुरातील ९८ची सवय असलेले लोक ८६ पाहून घाबरतात आणि दुसरीकडे ९० दाखवणाऱ्या मित्राच्या उलट्यांकडे दुर्लक्ष करतात.

पहिल्या खेपेला आम्ही पाचजण मनालीहून थेट चंद्रतालला गेलो होतो. ती आखणी माझी होती. रात्री दहाच्या सुमारास आमच्यातील सर्वांत धट्टाकट्टा सोबती बुटाची नाडी बांधायला बसला आणि पाच मिनिटे झाली तरी त्याला गाठ मारता येईना. आम्ही त्याला थकवा समजत होतो. आमच्या गाडीचा चालक तेथलाच होता. तो बाहेर आला, बुटाच्या टाचेने वाळूत दहा पावलांची सरळ रेघ ओढली आणि एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत या रेघेवरून चालून दाखव, असे त्याला म्हणाला. तिसऱ्या पावलाला आमचा सोबती कुशीवर कलंडला. पुढचे तीन तास त्या अंधाऱ्या रस्त्याने खाली उतरताना मला जी भीती वाटली, ती आजही विसरलेलो नाही. मनालीच्या वाटेवरील छत्रूच्या पुढे उतरल्यावर त्याने पाणी मागितले आणि आम्ही कोठे आहोत असे विचारले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

रेघेवरून चालण्याची ही चाचणी प्रत्येकाला शिकवून ठेवावी. तोल जाणे, असंबद्ध बोलणे किंवा गुंगी ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे असतात. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला आणि गुलाबी फेसाळ कफ ही फुप्फुसांत पाणी साचल्याची चिन्हे असतात. दोन्हींवर खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे, आणि तो ताबडतोब करायचा असतो. प्राणवायूचा छोटा डबा उतरताना आधार देतो. तो वापरून वर थांबून राहू नये.

सावधान: चंद्रतालहून उतरायचे म्हणजे काझ्याकडे जायचे नाही. काझ्याला सरकारी रुग्णालय आहे म्हणून गाडी तिकडे वळवली, तर रुग्णाला आधी कुंझुम खिंडीवर ३०० मीटर चढवावे लागते. मनालीच्या वाटेवरील बातल आणि छत्रूच्या दिशेने निघावे. छत्रू सुमारे ३,३५० मीटरवर आहे. रात्री हा रस्ता अत्यंत धोक्याचा असल्याने संध्याकाळी पाचची तपासणी कधीही चुकवू नये, म्हणजे उतरण्याचा निर्णय उजेड असतानाच घेता येतो.

लोसर आणि छत्रूच्या पुढचे ग्रामफू यांच्या दरम्यान मोबाइलवर विसंबून राहता येत नाही. परदेशातून मागवलेली उपग्रह-संदेशाची यंत्रे किंवा सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे, ती नेऊ नयेत. त्याऐवजी लोसर सोडण्यापूर्वी घरी फोन करून पुढचा फोन कोणत्या दिवशी येईल ते सांगावे. रोख रक्कम शिमल्यातच काढावी आणि काझ्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरावी.

टप्पा ८: जागा निवडणे आणि तंबू उभारणे

पहिला तंबू चंद्रतालला ठोकू नये. ताबोला, गावाजवळ, मालकाची परवानगी घेऊन पहिली रात्र तंबूत काढावी. काही चुकले तर शंभर पावलांवर खोली असते. वाटाण्याच्या आणि जवाच्या शेतात, कापणी झालेली असली तरी, न विचारता तंबू लावू नये.

चंद्रतालच्या काठावर मुक्कामास मनाई आहे. हे सरोवर २००५ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतील पाणथळ क्षेत्र आहे. तंबूंची जागा सरोवराच्या बऱ्याच अलीकडे ठरवून दिलेली आहे. तेथेच थांबावे आणि काठापर्यंत चालत जावे.

स्पितीत दुपारनंतर वारा जोर धरतो. लोसरहून सकाळी सातला निघाले तर दुपारपूर्वी पोहोचता येते आणि वारा वाढण्यापूर्वी तंबू उभा राहतो. उभारणीचा क्रम असा ठेवावा.

१. कोरड्या ओढ्याच्या पात्रात किंवा त्याच्या मुखाशी असलेल्या सपाट वाळूवर जागा निवडू नये. ती जागा इतकी सपाट पाण्यानेच केलेली असते. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा अशाच उघड्या डोंगरउतारांवरून चिखलाचे लोट आले होते. दरडीखालची जागाही टाळावी. जमिनीवर ताजे, टोकदार दगड पडलेले दिसले तर पुढे जावे.
२. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाकडे करावे.
३. तंबू पसरण्यापूर्वीच त्याचा एक कोपरा खुंटीला किंवा मोठ्या दगडाला बांधावा. कापड एकदा वाऱ्यावर गेले की पकडता येत नाही.
४. तेथील खडीत साध्या खुंट्या धरत नाहीत. प्रत्येक ताणदोर मनगटाएवढ्या लांबट दगडाला गुंडाळावा आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोन मोठे दगड रचावेत.
५. बाहेरचे आवरण ताणून आतल्या कापडापासून चार बोटे दूर ठेवावे आणि हवेची झडप उघडी ठेवावी. थंडीच्या भीतीने झडप बंद केली की, श्वासाची वाफ आतून गोठते आणि उन्हे येताच अंथरुणावर ठिबकते.

पडताळा: एकाने ताणदोर धरून तंबूकडे जोरात ओढावा. दगड सरकला तर तो रात्री निश्चित सुटणार आहे.

टप्पा ९: पाणी आणि रात्र

येथे घाम दिसत नाही, कारण तो लगेच वाळतो, आणि प्रत्येक श्वासागणिक शरीरातील ओलावा जातो. दिवसाला तीन ते चार लिटर पाणी थोडे थोडे प्यावे आणि त्यातील एक लिटरात क्षारसंजीवनी घालावी. त्याहून अधिक पाणी सक्तीने पिऊ नये. तेही अपायकारक असते. लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे प्रमाण बरोबर आहे. ओढ्याचे गढूळ पाणी भांड्यात तासभर निवळू द्यावे, कापडातून गाळावे आणि खळखळून तीन मिनिटे उकळावे. पोकळ तंतूंची गाळणी एकदा गोठली की आतून फाटते आणि बाहेरून ते दिसत नाही, म्हणून ती रात्री खिशात ठेवून झोपावे.

झोपण्यापूर्वी पहाटेच्या चहापुरते पाणी भांड्यातच भरून ठेवावे, म्हणजे ते गोठले तरी भांडे थेट शेगडीवर ठेवता येते. बाटल्या उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरून धरू लागतो, त्यामुळे सकाळी झाकणाकडचे पाणी मोकळे राहते. एका धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून, पायांशी घ्यावे. मोबाइल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या आत ठेवावी, कारण थंडीत त्यांची शक्ती झपाट्याने उतरते.

सावधान: तंबूच्या आत शेगडी, कोळसा किंवा उदबत्तीसुद्धा पेटवू नये. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीव होत नाही.

रात्री श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते. या उंचीवर ते बहुतेकांना होते आणि तेवढ्यावरून घाबरू नये. मात्र उठून बसल्यावरही धाप कमी होत नसेल, तर शेजाऱ्याला उठवावे.

टप्पा १०: आवराआवर आणि उतरणे

शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करावा आणि बुजवावा. थंड, कोरड्या जमिनीत काहीच लवकर कुजत नाही, म्हणून कागद आणि सॅनिटरी पॅड दुहेरी पिशवीत घालून मनालीपर्यंत परत न्यावेत. ताणदोरांसाठी हलवलेले दगड पुन्हा विखरून ठेवावेत.

चंद्रतालहून सकाळी सहाला निघावे, चहा झाला नसला तरी. बातल ते ग्रामफू या रस्त्यावरून अनेक ओढे वाहतात. ते वितळत्या बर्फाचे असल्याने पहाटे त्यांना घोट्याएवढे पाणी असते आणि दुपारी तेच पाणी गाडीच्या दारापर्यंत चढते. एखाद्या ओढ्याला पाणी अधिक दिसले तर चालकाला पुढे जाण्याचा आग्रह करू नये. तेथेच थांबून दुसऱ्या दिवशी पहाटे ओलांडावे. राखीव ठेवलेले दोन दिवस त्यासाठीच आहेत.

कोकसरच्या पुढे मोबाइल लागला की प्रथम घरी फोन करावा. सोलापूरला पोहोचल्यावर तंबू आणि स्लीपिंग बॅग गच्चीवर सावलीत दोन दिवस वाळवावी, बॅग घडी न करता सैल पिशवीत ठेवावी आणि उरलेल्या औषधांवरील मुदतीच्या तारखा पाहून वहीत लिहून ठेवाव्यात.